कशाचा लॉक?

गेल्या जूनमधली गोष्ट. पहिल्या पावसानं दोन दिवस झोडपून काढलं होतं, तिसऱ्या दिवशी जरा उघडीप मिळाली. रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला, "मामा, गाडी बसली."

गाडी म्हणजे चारच महिन्यांपूर्वी कर्ज काढून घेतलेला दहा टायरी टिपर. आमच्या शिरोळ भागात टिपर कुणी म्हणत नाही. कुठल्याही कंपनीचा असला तरी तो 'हायवा'. हायवा हे खरं तर ट्रॉली उचलणाऱ्या जॅकच्या कंपनीचं नाव, पण ते ठळक लिहिलेलं असतं म्हणून अख्ख्या गाडीला चिकटलं. तर हा हायवा मुरूम भरून एका रस्त्याच्या कामावर निघाला होता. पाणंदीच्या वळणावर समोरून डबल ट्रॉली आली, तिला वाट द्यायला ड्रायव्हरनं गाडी उजवीकडं दाबली, आणि उजवी बाजू पाटाच्या कडेच्या काळ्या रानात गेली. तिथंच बसली.

मी बॅटरी घेऊन गेलो तेव्हा तासभर खटाटोप झालेला होता. चाकाखाली दगड घालून झाले, पाचट घालून झालं, दोन पोती घातली ती चाकांनी गिळली. ड्रायव्हर पोरगा चोवीस-पंचवीसचा. घामानं आणि चिखलानं भरलेला.

"लॉक लावलास का रं?"

"लावलाय की मामा. ही बघा लाइट."

डॅशबोर्डवर पिवळी लाइट खरंच लागलेली होती. म्हटलं, पहिल्यात टाक आणि हळू क्लच सोड. मी मागं जाऊन उकिडवा बसलो आणि बॅटरी मारली. उजव्या बाजूची मागच्या दोन्ही एक्सलची चाकं चिखल उडवत फिरत होती. डाव्या बाजूचे चारही टायर कोरड्या मुरमावर ढिम्म उभे. जिथं पकड आहे ते चाक हलत नाही, जिथं नाही ते पळतंय. बघितल्याबरोबर कळलं.

"हा लॉक कशाचा हाय?" मी विचारलं.

ड्रायव्हरनं भाच्याकडं बघितलं, भाच्यानं माझ्याकडं. "लॉक म्हंजे लॉक की मामा. डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाल्यानं दाखवलावता."

दाखवला होता, खोटं नव्हतं. फक्त तो दोन एक्सलमधला लॉक होता. एकाच एक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांना बांधणारा लॉक त्या गाडीत नव्हताच. तो जास्तीचे पैसे भरून मागवायचा होता, आणि मागवायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. लाखो रुपयांची वस्तू घेताना सीटकव्हर कुठलं यावर अर्धा तास चर्चा झाली होती, हे मला माहीत आहे. मीही तिथं चहा पीत बसलो होतो आणि मीही विचारलं नाही. चाळीस वर्षं डिफरन्शियल खोलणाऱ्या माणसानं विचारलं नाही, तर इतरांना काय बोलायचं?

तरी बोलणार आहे. कारण दर पावसाळ्यात आणि दर गळीत हंगामात हेच बघतो. माल वाहणारी गाडी घेणारा माणूस हॉर्सपॉवर विचारतो, ॲव्हरेज विचारतो, हप्ता विचारतो. मागच्या एक्सलच्या पोटात काय आहे ते विचारत नाही. आणि जो विचारून लॉक घेतो, तो ज्याच्या हातात ते बटण द्यायचं त्याला त्याबद्दल एक शब्द सांगत नाही. माझी तक्रार या दोन्हींबद्दल आहे, दुसरीबद्दल जरा जास्त.

आधी डिफरन्शियल म्हणजे काय ते बैलगाडीवरून सांगतो, कारण मला स्वतःला ते तसंच कळलं. बैलगाडीची दोन्ही चाकं आखावर मोकळी फिरतात. गाडी वळली की बाहेरचं चाक जास्त चालतं, आतलं कमी, आणि कुणाचं काही बिघडत नाही, कारण ओढायचं काम बैल करतात. चाकं नुसती मागून येतात. मोटारीत मात्र चाकानंच ओढायचं असतं. दोन चाकं एकाच दांड्यावर पक्की बसवून फिरवली तर सरळ रस्त्यावर ठीक, वळणावर भांडण. ट्रकच्या मागच्या चाकांमधलं अंतर साधारण १.८ मीटर धरा. काटकोनात वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पावणेतीन मीटरहून जास्त चालतं. वळण मोठं असो की छोटं, फरक तेवढाच. तेवढं अंतर दोघांपैकी कुणीतरी घासतच काढणार. हे भांडण मिटवायला एक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे क्राउनच्या, पोटात छोटे गिअर बसवले, ते म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्युर नावाच्या कारागिरानं वाफेच्या गाडीसाठी १८२७ च्या सुमारास ही युक्ती केली. पेट्रोलची मोटार यायला अजून अर्धशतकाहून जास्त अवकाश होता. दोनशे वर्षं होत आली, मूळ कल्पनेत फरक नाही.

पण या युक्तीत एक खोट आहे, आणि ती तिच्या न्यायीपणात आहे. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच जोर देतं. आमच्याकडं मिस्त्रीसुद्धा म्हणतात की 'सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते'. तसं नसतं. चिखलातल्या चाकाला फिरायला ताकद लागतच नाही. त्याला जेवढी लागते तेवढीच दुसऱ्याला मिळते, म्हणजे नसल्यात जमा. तुमचं इंजिन दोनशे हॉर्सपॉवरचं असो की तीनशेचं, चिखलातलं चाक जेवढं झेलेल त्याच्या दुप्पट, एवढीच तुमची गाडी. दहा टायरी टिपरला तर अशी तीन डिफरन्शियल असतात, प्रत्येक एक्सलमध्ये एक आणि दोघांच्या मध्ये एक. मधलं लॉक केलं की दोन्ही एक्सल एका वेगानं फिरतात. पण दोन्ही एक्सलचं उजवं चाक चिखलात असेल तर दोन्ही एक्सल बिनकामाचे. भाच्याच्या गाडीचं नेमकं तेच झालं होतं. लाइट लागलेली, लॉक लागलेला, गाडी जागेवर.

रात्री बाराला शेवटी एक ट्रॅक्टर आला. पन्नास हॉर्सपॉवरचा. आधी मागचा अर्धा मुरूम पाटाच्या कडेला उतरवला, मग वायररोप लावला. ट्रॅक्टरवाल्यानं उजवी टाच खाली दाबली आणि गाडी हलली. ती टाच कशावर दाबली? डिफरन्शियल लॉकच्या पेडलवर. म्हणजे गंमत बघा, रुतलेल्या ट्रकला ओढायला जो गडी येतो त्याच्यात लॉक असतो, म्हणून त्याला पैसे मिळतात. गावात ज्याला लिहिता-वाचता येत नाही असा ट्रॅक्टर चालवणाराही हा लॉक जाणतो. नांगरताना एक चाक सरीत घसरलं की टाच दाबायची, निघालं की टाच उचलायची. टाच उचलली की स्प्रिंगनं पेडल वर येतं आणि सहसा लॉकही सुटतो. ट्रकचं बटण तसं नाही. ते एकदा दाबलं की दाबलेलंच राहतं, जोपर्यंत कुणी आठवणीनं काढत नाही. यातला फरक किती महागात पडतो ते पुढं सांगतो.

एक चाक असं जागेवर फिरत राहतं, त्यावर बाजारात उपाय ढोबळ मानानं तीन. एक, ड्रायव्हरनं लावायचा लॉक. ट्रकमध्ये तो हवेवर चालतो. बटण दाबलं की हवेच्या दाबानं एक दातेरी कडी सरकते आणि एक्सल शाफ्टला डिफरन्शियलच्या डब्याशी बांधून टाकते. मग दोन्ही चाकं एकच. एक पूर्ण हवेत असलं तरी दुसरं ओढतं. दोन, आपोआप लागणारा लॉक, त्याचं पुढं सांगतो. तीन, लिमिटेड स्लिप, ज्याला सगळे एलएसडी म्हणतात. हा पूर्ण बांधत नाही, फक्त एका चाकाला फार पळू देत नाही. काहींत क्लचप्लेटांसारख्या चकत्या असतात. काहींत नुसते तिरपे गिअर असतात. त्यातला टॉर्सन हा प्रकार व्हर्नन ग्लीझमन या अमेरिकन माणसानं काढला, १९५८ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

एलएसडी ऐकायला फार शहाणा वाटतो. बटण नाही, विसरायचा प्रश्न नाही, वळणावर त्रास नाही. पण हिशेब बघा. समजा चिखलातलं चाक शंभर किलोचा जोर झेलतंय. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसऱ्यालाही शंभर, एकूण दोनशे. तिपटीचा एलएसडी असेल तर दुसऱ्याला तीनशे, एकूण चारशे. चांगलं आहे. पण ते पहिलं चाक पाटावर लोंबकळत असेल आणि त्याचा जोर शून्य असेल, तर शून्याच्या तिप्पट किती? गिअरवाला एलएसडी इथं हात टेकतो. चकत्यांवाल्यात स्प्रिंगचा थोडा दाब आधीच दिलेला असतो, म्हणून काहीतरी मिळतं, पण भरलेल्या ट्रकला ते काहीतरी पुरत नाही. शिवाय चकत्या म्हणजे घासणारी वस्तू. प्रत्येक वळणावर थोड्या घासतात, त्यांना वेगळं ऑइल लागतं, आणि आमच्याकडं डिफरन्शियलला 'नव्वद नंबर' सोडून दुसरं काही घालायची कुणाला सवय नाही. एकदा चुकीचं ऑइल पडलं की वळणावर मागून गुरगुर सुरू.

म्हणून माझं मत सरळ आहे. फडात, खाणीत, वीटभट्टीवर जाणाऱ्या जड गाडीला ड्रायव्हरनं लावायचा लॉकच घ्या. उसाच्या ट्रकचं बघा. फडातून बांधापर्यंत दोनशे मीटर आणि तिथून कारखान्यापर्यंत तीस किलोमीटर डांबर. तीस किलोमीटर साधं डिफरन्शियल हवं, अगदी मोकळं. दोनशे मीटर पक्का लॉक हवा, अगदी घट्ट. मधलं काही नको. दोन्ही गोष्टी एकाच गाडीत देणारी वस्तू हीच आहे. टिपर असेल तर दोन वेगळे प्रश्न विचारा: दोन एक्सलमधला आहे का, आणि दोन चाकांमधला आहे का? दुसरा दोन्ही एक्सलवर आहे की एकाच? 'लॉक आहे' एवढ्या उत्तरावर चेक फाडू नका.

छोट्या गाड्यांचं निराळं. गगनबावड्याहून करूळ घाट उतरून कोकणात भाजी नेणारा, येताना आंबे भरून आणणारा पिकअप, त्यावर आज हा ड्रायव्हर उद्या तो, अशा गाडीला बटण देऊन उपयोग नाही. तिथं आपोआप काम करणारंच बरं. महिंद्रानं थार आणि बोलेरो निओच्या काही मॉडेलमध्ये दिलेला मेकॅनिकल लॉक या जातीचा. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतला छोटा वजनाचा खटका उडतो आणि लॉक लागतो. गाडीनं वेग घेतला की सुटतो, आणि पळत्या गाडीत लागत नाही. मला ही वस्तू आवडते. फक्त ती लागण्याआधी चाकाला थोडं फिरावंच लागतं, आणि आमच्या काळ्या रानात चाक दोन फेऱ्या फिरलं की वीतभर खाली जातं. फोर्सच्या गुरख्याला पुढं-मागं दोन्हीकडं हातानं लावायचे लॉक आहेत. ते मात्र ज्याला कळतं त्याच्यासाठी. घाटातल्या ओल्या डांबरावर रिकाम्या पिकअपला पक्का लॉक नकोच. एक चाक घसरलं तर दुसरं गाडी धरून ठेवतं. दोन्ही एकदम घसरली तर मागचं धूड सरळ दरीकडं बघायला लागतं.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे मी हे कुठल्या अधिकारानं बोलतोय ते कळेल.

१९८४ ला मी सोळाव्या वर्षी गॅरेजला लागलो. पाच-सहा वर्षांत बरा मिस्त्री झालो, म्हणजे स्वतःला तसं समजायला लागलो. एक ओळखीचे ट्रकमालक होते, त्यांची टाटा १२१० उसाला लावलेली. त्या वर्षी पाऊस लांबला आणि फड ओले. गाडी दर दोन दिवसांनी बसायची. टोळीचा मुकादम ओरडायचा, शेतकरी ओरडायचा, ट्रॅक्टरवाला पैसे घ्यायचा. मालक म्हणाले, "काहीतरी कर बाबा." तेव्हा तसल्या गाडीला लॉक बसवून मिळणं आमच्या विचारातही नव्हतं. मी काय केलं? डिफरन्शियलचा गोळा बाहेर काढला, आतले गिअर डिझेलनं लख्ख धुतले, आणि वेल्डिंग मारून सगळे एकमेकांना चिकटवून टाकले. कायमचा लॉक, खर्च चार रॉडचा.

पहिले आठ दिवस माझा काय भाव वाढला! कुठल्याही फडातून गाडी बाहेर. आणखी दोन मालक येऊन विचारून गेले. नवव्या-दहाव्या दिवसापासून ड्रायव्हर म्हणायला लागला की चौकात गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाते, स्टिअरिंग ओढून खांदे गेले. टायर चीं-चीं करत घासायचे, महिन्याभरात गोटे दिसायला लागले. मी म्हटलं, चालायचंच.

एका संध्याकाळी कारखान्याच्या गेटवर वजनकाट्याकडं वळताना भरलेल्या गाडीतून फटाक्यासारखा आवाज आला. एक्सल शाफ्ट तुटला. पुढं काटा, मागं बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, मध्ये ही गाडी आडवी. आता बाकीचं कुणीही सांगेल. रात्रभर तिथंच. कारखान्याचे लोक, गाडीवान, सगळ्यांच्या शिव्या. मालक मात्र मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो तुटलेला तुकडा आणून माझ्यासमोर ठेवला आणि निघून गेले. तो तुकडा अजून माझ्या गॅरेजात आहे, दार अडवायला वापरतो. हाताएवढा जाड पोलादी दांडा. त्याच्या टोकाच्या खाचा सरळ असतात, शिसपेन्सिलीच्या कडांसारख्या. या तुकड्यावरच्या खाचा चकलीसारख्या पिळलेल्या आहेत. तुटायच्या आधी किती दिवस तो पिळत होता ते त्यावर वाचता येतं.

लॉक लावून डांबरावर गाडी वळवली की आत हे चाललेलं असतं. कंपनीनं दिलेला चांगला लॉक असला तरी हेच. म्हणून मालक लोक मला जे उत्तर देतात ते मला कळतं. ते म्हणतात, "मिस्त्री, लॉक घेतला की ड्रायव्हर मोडतोच. त्यापेक्षा नकोच." मी दोन गाड्या अशा बघितल्या आहेत की लॉक आहे, आणि मालकानं स्विचची वायरच काढून ठेवली आहे. पैसे भरून घेतलेली वस्तू, पुन्हा पैसे वाचवायला बंद केलेली. एका गाडीचा लॉक तर तीन वर्षं एकदाही न लावल्यामुळं गंजून जाम झाला होता. महिन्यातून एकदा मऊ जमिनीवर लावून, चार हात चालवून काढायचा असतो, एवढं साधं पथ्य.

ड्रायव्हर मोडतो हे खरं, पण का मोडतो? त्याला कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या गॅरेजात येणाऱ्या ड्रायव्हरांना मी गेली काही वर्षं मुद्दाम विचारतो. हेवी लायसन्सच्या परीक्षेत लॉकबद्दल विचारलं होतं असं सांगणारा एकही अजून भेटला नाही. शोरूममध्ये डिलिव्हरीला नारळ फोडतात, पेढे देतात, चावीचा मोठा पुठ्ठा हातात देऊन फोटो काढतात. तो फोटो मालकाचा. ड्रायव्हर बाहेर टायरला लिंबू बांधत असतो. कंपनीचा माणूस बटणं समजावून सांगतो तीही मालकाला, जो त्या सीटवर कधी बसणार नाही. मग एक दिवस फडात गाडी रुतते, चाक गरगर फिरायला लागतं, आणि घाबरलेला पोरगा त्या फिरत्या चाकावर लॉकचं बटण दाबतो. दातेरी कडी फिरत्या दातांवर आपटते. खडखडाट होतो, दात उडतात. पगारातून कापतात कुणाच्या? त्याच्याच.

सांगायचं असतं ते काही फार नाही. रुतण्याआधी लावायचा, रुतल्यावर नाही. समोर ओलं दिसतंय, गाडी थांबव, बटण दाब, लाइट लागली का बघ, मग हळू जा. चाक फिरायला लागलंच असेल तर आधी पाय काढ, चाक थांबू दे, मग दाब. लॉक लावून स्टिअरिंग फार वळवू नको. कोरड्यावर आलास की बटण काढ. लाइट गेली नाही तर आत पीळ अडकलाय, गाडी थोडी मागं-पुढं घे, सुटेल. लाइट जाईपर्यंत डांबरावर चढू नको. मला हे सांगायला दहा मिनिटं लागतात, करून दाखवायला एक दुपार.

आणि हेही सांगायचं, की लॉक म्हणजे जादू नाही. गुळगुळीत टायर घालून लॉक लावला तर दोन चाकं एकदम खड्डा करतात आणि एक्सलचा गोळा जमिनीला टेकतो. मग ट्रॅक्टर एक नाही, दोन लागतात. लॉकच्या जोरावर जिथं जायला नको तिथं गाडी घालणारे वीर मी पाहिले आहेत. कृष्णाकाठची काळी माती पुराच्या पाण्यानं भिजली की तिला लॉक नाही, ती स्वतःच लॉक आहे. २०१९ च्या पुरानंतर नृसिंहवाडीच्या बाजूला कितीतरी दिवस रानात माणूस गुडघाभर जायचा. तिथं गाडी न नेणं हेच शहाणपण होतं. उगाच मर्दुमकी कशाला.

ट्रकवाल्यांच्या संघटना आहेत, कारखान्यांच्या वाहतूक कमिट्या आहेत. हंगामाच्या आधी तोडणी-वाहतुकीचे करार होतात, उचल दिली जाते, मुहूर्त होतात. बॉयलर पेटवायच्या समारंभाला मंडप घालतात. त्याच पटांगणावर एक दुपार पाणी मारून चिखल करा आणि ड्रायव्हरांना रिकाम्या गाड्या त्यात घालू द्या. खर्च एका टँकरचा. मी फुकट येतो शिकवायला, हे छापून सांगतोय.

भाच्याच्या गाडीचं पुढं काय झालं, ते राहिलं. शोरूमला जाऊन भांडून आला. ते म्हणाले, कागदावर लिहिलं होतं. खरंच लिहिलं होतं, बारीक अक्षरात. 'इंटर ॲक्सल' एवढाच शब्द. शेवटी चौकशी करून मागच्या एक्सलला चाकांमधला लॉक असलेला अख्खा गोळा कंपनीकडूनच मागवला, हवेची लाइन ओढली, डॅशवर दुसरं बटण आलं. खर्च ऐकून बहिणीनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, जणू मीच बसवला. आधीच मागवला असता तर निम्म्यात झालं असतं.

बसवून झाल्यावर भाचा म्हणाला, "चला मामा, ट्रायल घेऊ." मी म्हटलं, तू थांब, त्याला बोलव. तो ड्रायव्हर पोरगा आला. नवा लॉक बसवला म्हणून खुशीत होता, बटणावरच बोट ठेवून बसला होता. त्याला खाली उतरवलं, गॅरेजच्या दाराशी नेलं आणि तो तुकडा उचलायला सांगितला. दोन्ही हातांनी उचलला. जड आहे. त्यानं तो उजेडात धरला आणि पिळलेल्या खाचांवरून अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा उलट्या बाजूनं.

"हे कुणी केलं?" त्यानं विचारलं.

"मी," म्हटलं. "बस आता सीटवर."